ऐरणीची दुसरी बाजू

चिंचोली, औश्याजवळ
कार्तिक वद्य पंचमी, फसली १३५२

चिरंजीव व्यंकट यास,

आशीर्वाद पाठवून राहिले. हवा असला तर घे, नको असला तर पाकिटातच राहू दे. तिथं तो काही खायला मागत नाही.

हे पत्र मास्तरांची बायको चंद्रप्रभा लिहिते आहे. लातूरची पोरगी, चार इयत्ता शिकलेली. दुपारी मास्तर शाळेत पोरांना उर्दू शिकवतात, तेव्हा ही माझ्या ओसरीवर बसून मराठी लिहिते. पाकिटावरचा पत्ता मात्र मास्तर उर्दूत घालणार, म्हणजे सरकारी टपालात त्याला कुणी अडवणार नाही. मी 'लई' म्हणते, ही 'फार' लिहिते. मी 'न्हाई' म्हणते, ही 'नाही' लिहिते. माझं बोलणं धुऊन, पिळून, दांडीवर वाळत घालते. तू वाचताना पुन्हा मळवून घे.

तुझा ठावठिकाणा औश्याच्या बाजारात एका गाडीवानानं सांगितला. म्हणला, नांदेडच्या गिरणीत तुमच्याकडचा एक माणूस आहे, डाव्या हाताला दोन बोटं कमी, कुणाशी बोलत नाही. हातावरून नाही, न बोलण्यावरून ओळखलं तुला.

आता गावची बातमी. तू दसऱ्यानंतर गेलास, आणि आठ दिवसांत आप्पासाहेब पाटलांनी लोहारसाळेला कुलूप घातलं. मी विचारायला गेले. म्हणले, "साळ गावाची हाय, केवळाबाई. लोहार न्हाई तर उघडी ठेवून काय करावं? कुत्री झोपतील." मी म्हणलं, "पाटील, हे कुलूप माझ्या नवऱ्यानं केलेलं आहे. माझ्यावरच लावता व्हय?" ते हसले, पण कुलूप काही हसलं नाही. एवढं झालं की ऐरण आपल्या घरची म्हणून त्यांनी ती बैलांना जुंपून घरी पोचवली. परसात लिंबाखाली पुरून घेतली. भाता उंदरांनी खाल्ला होता, त्याला नवीन कातडं लावलं. भट्टी मी माझ्या हातानं मातीची घातली.

तुला वाटेल म्हातारीला भट्टी कशाला? ऐक. चैत्रातल्या पाडव्याला गाव पारावर बसणार आहे. देवणीचा एक लोहार बायकापोरांसकट इथं यायला तयार आहे. पाडव्यापर्यंत गावची अवजारं मी चालवून दाखवली तर लोहारकी आपल्या घरात राहील, नाहीतर त्याच्या. तुझे पणजोबा, आजोबा, बाप, सगळे या गावाच्या नांगरावर जगले. तुझे आईबाप पटकीत गेले तेव्हा तू एवढासा होतास, तुलाही याच गावानं ज्वारी घातली. ते मी बसल्या जागी देवणीवाल्याला देऊ?

"बाई सांडशी धरणार?" आप्पासाहेब म्हणले.

आपल्यात बाईनं भाता ओढावा, घण मारावा. सांडशी धरून ऐरणीमागं बसू नये. का, ते कुणाला ठाऊक नाही. मी म्हणलं, "पाटील, बेचाळीस वर्षं समोर उभी राहून पाहून राहिले. पाहून पाहून म्हैससुद्धा घरचा रस्ता शिकते."

खोटं बोलले मी. पहिल्या दिवशी भट्टी पेटवली, लोखंडाचा तुकडा घातला, तो तापला, आणि मी सवयीनं घण उचलून उभी राहिले. समोर कुणी नाही. लोखंड तापून बसलंय, पण ते बाहेर काढायचं कुणी? घण खांद्यावर घेऊन मी किती वेळ उभी होते कोण जाणे. लोखंड गार झालं. ऐरणीची ती बाजू मी कधी बसून पाहिलीच नव्हती रे. तिकडून सगळं उलटं दिसतं. उजवं डावं होतं. आपल्या घराचं दार पाठीमागं जातं.

आणखी एक अक्कल पाजळली. भट्टीचं तोंड पश्चिमेला केलं. सगळा धूर कुंपणापलीकडं गौरम्माच्या घरात. ऊन द्यायला काढलेल्या तिच्या उन्हाळ्यातल्या कुरडया काळ्या झाल्या. ती निलंग्याकडची, चिडली की कानडीतून चिडते. "यव्वा, केवळाबाई, माझ्या कुरडया का भाजून राहिलीस?" मी म्हणलं, "तळायचं तेल वाचवलं तुझं." दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी येऊन भात्याशी बसली. म्हणली, "धूर खायचाच हाय तर बसून खाते." तीही एकटी, मीही एकटी. आता ती भाता ओढते.

तुझ्या हाताचं काय ते कळव. नाही कळवलंस तरी हात आहे असं धरून चालते.

तुझी आजी

---

मार्गशीर्ष वद्य द्वितीया

चिरंजीव व्यंकट यास,

पत्राचं उत्तर आलं नाही. टपालवाला म्हणतो, लढाई चालू आहे, टपाल उशिरा येतं. लढाई कुठं आणि नांदेड कुठं. पण त्याला बरं वाटावं म्हणून मी हो म्हणते.

पहिलं खुरपं केलं. ते खुरप्यासारखं कमी आणि घोरपडीच्या जिभेसारखं जास्त दिसतं. गौरम्मानं ते हातात धरून इतकं हसून घेतलं की भाता थांबला. त्या आधी लोखंडाचे तीन तुकडे जाळले. जळलेलं लोखंड तुला माहीत आहे, फुलबाजीसारखं उडतं आणि मग कुणाच्या कामाचं राहत नाही. लढाईपायी लोखंड मिळेना झालंय. गाडीच्या धावेचे तुकडे मागून आणते. लोक देतात, आणि दारातून वळले की हसतात. पाठ केली तरी हसणं ऐकू येतं.

चंद्रप्रभा विचारते, लोखंड तापलं हे कळतं कसं? तिला सांगितलं, रंगावरून. आधी कुंकवासारखं, मग झेंडूसारखं, मग हळदीसारखं. हळदीच्या पुढं गेलं की जळालं. म्हणून मी गौरम्माला सारखं विचारते, "काय रंग हाय ग?" ती म्हणते, "कुंकू." थोड्या वेळानं, "झेंडू हाय, झेंडू." मग मी बाहेर काढते. तिला वाटतं मी तिची परीक्षा घेऊन राहिले. परवा गर्वानं सांगत होती, "मला लोहारकी यायला लागली." येऊ दे. तिला शिकवणं बरं पडतं.

मग पाणी पाजणं. तापलेलं पातं पाण्यात घातलं की ओरडतं, त्या ओरडण्यावरून कळतं. हे मात्र मला येतं. बेचाळीस वर्षं कान उघडे होते. तुझे आजोबा म्हणायचे, पाणी कमी पाजलं तर धार वाकते, जास्त पाजलं तर मोडते. माझं दुसरं खुरपं मोडलं. लक्ष्मीबाईच्या वाफ्यात, कांद्याशी. कांद्यानं मोडलेलं खुरपं गावात पहिलंच. लक्ष्मीबाई म्हणली, "माय, कांदा जिंकला." तिसरं टिकलं. अजून टिकून आहे, मी रोज विचारून येते.

घण कोण मारतं असं विचारशील. ज्याचं अवजार त्यानं मारायचा. साळेत माझ्या जोडीनं मारायचे तेच घरी मारतात. फक्त आता सांडशी म्हातारीच्या हातात पाहून हळू मारतात. म्हणते, "मार की रे, लोखंड आहे, सासू न्हाई." तरी हळूच मारतात. त्यांच्या डोळ्यांपुढं तुझा हात असतो.

ते लिहू नको म्हणलं होतं चंद्रप्रभेला. लिहिलंस का ग? लिहिलं म्हणते. खोडू नको आता, कागद घाण होतो.

भाकरी अजून दोन थापते. एक गौरम्माची म्हैस खाते. ती तुझ्यापेक्षा कमी चुका काढते.

तुझी आजी

---

माघ शुद्ध चतुर्दशी
(कार्ड)

चि. व्यंकटास आशीर्वाद. हे कार्ड आहे, जागा कमी, म्हणून चंद्रप्रभा माझं निम्मं बोलणं गाळणार आहे. रब्बी निघाली. मी आता शेवटाला बसले आहे. एकदा बसले की उठायचं नाही असं ठरवलं आहे. पाणी पाजायला गौरम्मा शेजारी आहेच. आप्पासाहेब येऊन बसतात. तुझी आठवण सगळे काढतात. आजी.

---

फाल्गुन शुद्ध षष्ठी

व्यंकट,

तुझं कार्ड आलं. मला नाही, मास्तरांना आलं. चंद्रप्रभेनं ते मला वाचून दाखवलं. तू त्यात 'आजीला सांगू नये' असं लिहिलंस, तेही तिनं वाचलं. पोरगी प्रामाणिक आहे. त्याचा कधीकधी त्रास होतो.

पाठ झालंय मला. "मास्तरांस नमस्कार. आजीचा शेवट जवळ आला असल्यास तिला लातूरच्या दवाखान्यात न्यावे. मला येता येणार नाही. आजीला सांगू नये."

मी म्हणलं, "मी कुठं मरून राहिले ग?"

चंद्रप्रभा म्हणली, "तुम्हीच सांगितलंत ना आजी. शेवटाला बसले आहे म्हणून. मला तर लिहिताना रडू येत होतं. पण तुम्ही पान चघळत होता, म्हणून वाटलं तुम्ही धीराच्या."

"शेवटाला न्हाई, शेवटायला! फाळ शेवटायला!"

तिला कुठून माहीत असणार. मास्तराच्या घरी नांगर नाही. मग तिला ऐरणीशी नेऊन दाखवलं. नांगराचा फाळ जमिनीत झिजतो, टोक बोथट होतं. तो भट्टीत घालून, ठोकून, लांबवून पुन्हा टोक काढायचं, त्याला आपल्यात शेवटणं म्हणतात. चैत्राआधी सगळ्या गावाचे फाळ शेवटायचे असतात, म्हणून मी बसले होते. पाणी पाजायचं होतं ते फाळाला. आणि आप्पासाहेब येऊन बसत होते ते माझ्या उशाशी नाही, त्यांच्या फाळाचं काय होतंय ते बघायला. बिचारी पोरगी भट्टीतल्या लोखंडासारखी लाल झाली. गौरम्मा तर भात्यावर पडून हसली. म्हणली, "केवळाबाई, तू मेलीस आणि मला कळलंच न्हाई."

मीही हसले. पुष्कळ हसले. मग दोघी घरी गेल्या.

व्यंकट, तू लोहाराचा. शब्द चुकला असेल असं तुझ्या एकदाही मनात आलं नाही? आलं असेल, नसेलही. कार्डावरचं कुणीही तसंच वाचेल. पण ते तसंच वाचून, म्हातारी मरायला बसली आहे, शेजारीण तोंडात पाणी घालते आहे असं समजून, तू लिहिलंस की येता येणार नाही. रजा नाही असंही लिहिलं नाहीस. येता येणार नाही.

मी तीन दिवस भट्टी पेटवली नाही. चौथ्या दिवशी आप्पासाहेब फाळ घेऊन दारात उभे राहिले तेव्हा पेटवली. त्यांनीच घण मारला. गौरम्मा रंग सांगत होती. झेंडूच्या जरा पुढं गेल्यावर काढला. टोक नीट निघालं. पाण्यात घातल्यावर बरोबर ओरडला. आप्पासाहेब म्हणले, "हाव, झालं की. लई बेस." काळ्या रानात चालवून बघू म्हणले, आणि फाळ खांद्यावर टाकून गेले.

मला आनंद झाला. तो कुणाला सांगावा म्हणून इकडंतिकडं पाहिलं.

तू का येत नाहीस ते मला माहीत आहे. तुला वाटतं मला माहीत नाही.

आजी

---

चैत्र शुद्ध द्वितीया

बाबा व्यंकट,

आज चंद्रप्रभेला आधीच सांगितलंय की जे सांगेन ते सगळं लिहायचं. शब्द धुतलेस तरी चालेल, गोष्ट धुवायची नाही. ती म्हणते बरं. ती आल्यापासून माझ्याकडं पाहत नाही, पण आली मात्र.

काल पाडवा झाला. पारावर गाव बसलं. आप्पासाहेबांनी तो फाळ सगळ्यांपुढं ठेवला. चार दिवस काळ्या रानात चालला, टोक वाकलं न्हाई की मोडलं न्हाई. लोकांनी हातात घेऊन पाहिला. लक्ष्मीबाईनं तिचं खुरपंसुद्धा आणलं होतं, कुणी मागितलं नसताना. आप्पासाहेब म्हणले, "लोहारकी केवळाबाईच्या घरात राहील. देवणीला निरोप धाडू, येऊ नको म्हणून." मी पदर सावरला. गौरम्मानं माझ्या पाठीत बुक्की मारली.

मग ते म्हणले, "पण एक बोली हाय. उद्या तुमचा व्यंकट परत आला, तर त्यानं ऐरणीवर बसायचं न्हाई. इथं ज्याचं अवजार त्यानं घण मारायचा. ज्याचं ध्यान न्हाई अशा माणसाफुडं आमची माणसं घण घेऊन उभी राहणार न्हाईत. हात त्याचा जाईल, पाप आमच्या माथी येईल."

सगळे हो म्हणले. हो म्हणणारच. भादव्यात तुझी बोटं गेली तेव्हा याच पारावर आप्पासाहेबांनी मला विचारलं होतं, काय झालं. आणि मी म्हणलं होतं, "पोराचं ध्यान नव्हतं." तू तिथंच बसला होतास, हाताला फडकं गुंडाळून. माझ्याकडं एकदा पाहिलंस. बोलला नाहीस. तेव्हापासून बोलला नाहीस.

काल त्यांनी माझाच शब्द माझ्यापुढं आणून ठेवला. मी तो घेऊन घरी जाऊ शकत होते. लोहारकी पदरात पडली होती.

मी उठले. म्हणलं, "पाटील, ध्यान त्याचं होतं. डोळे माझे नव्हते."

कुणाला कळलं नाही. मग सगळं सांगितलं. चंद्रप्रभे, हे नीट लिही. लोहारानं हातोडी ऐरणीवर आडवी टेकवली की समोरच्यानं घण टाकायचा नसतो. लहान लेकराला कळतं ते. त्या दिवशी व्यंकटनं हातोडी टेकवली, आणि पातं सरळ करायला डावा हात पुढं घेतला. माझ्या डोळ्यांपुढं दोन वर्षांपासून ताक घुसळल्यासारखं आहे. मला हातोडी दिसली नाही. हात दिसला नाही. मी घण टाकला. आणि डोळ्यांचं सांगितलं तर घण जाईल, घण गेला तर साळ जाईल, म्हणून मी पोराचं नाव सांगितलं. उद्या खरं सांगू म्हणून सांगितलं. मग उद्याचा दसरा झाला.

गौरम्मा म्हणली, "म्हणून मला रंग इचारत होतीस व्हय?" मी म्हणलं, "हाव." ती माझ्यापासून जरा सरकून बसली. तिला वाटत होतं तिला लोहारकी यायला लागली. तिला खरंच यायला लागली आहे, पण ते तेव्हा कसं सांगायचं.

आप्पासाहेबांनी हात वर केला. विचारलं, "केवळाबाई, किती बोटं हायत?"

मी म्हणलं, "पाटील, पाटलाच्या हाताला सगळी असणारच. मोजायला दिसायची काय गरज?"

कुणी हसलं नाही. मला वाटलं एखादा तरी हसेल.

ठरलं ते असं. मी ऐरणीवर बसायचं नाही, घणही धरायचा नाही. देवणीच्या लोहाराला अक्षय तृतीयेला बोलावलं आहे. साळेचं कुलूप काढून त्याला किल्ली देणार. पण आप्पासाहेब उठताना म्हणले, त्याआधी व्यंकट आला तर पहिला मान त्याचा, त्याच्यावरचा डाग गेला. आठ बोटांचा असला तरी चालंल म्हणले. हे मी विचारलं नव्हतं. त्यांनी आपणहून सांगितलं, ते मी तुला सांगून राहिले. बाकी काही नाही.

आज सकाळी गौरम्मा आली नाही. दुपारी चंद्रप्रभा येईल की नाही असं वाटत होतं. ती आली तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "मास्तर रागावले का ग?" ती म्हणली, "मास्तरांनी विचारलं, आजींना दिसत नाही तर चष्मा का करत नाहीत." बघ, शिकलेल्या माणसाला केवढं सोपं असतं.

परसातली भट्टी विझली आहे. राख काढून झाडाला घातली. ऐरण मातीत तशीच आहे, ती आता एकटीनं निघायची नाही.

चंद्रप्रभा विचारते, "परत ये असं लिहू का?" नको म्हणलं. मी गावात खरं बोलले ते तू यावंस म्हणून नाही बोलले, हे तुला कसं पटायचं. ती म्हणली, "मग शेवटी काय लिहू?"

गावाला सांगताना जीभ अडली नव्हती. आता अडते आहे. तिनं दोनदा टाक दौतीत बुडवला, दोनदा वाळला.

लिही, म्हणलं. त्या दिवशी तू नीट बसला होतास.

केवळाबाई